पंचेचाळीस अंशांचा घोळ: ९३.५ पूर्व अखेर लॉक झाला

काल, ३० सप्टेंबरला, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास डीडी फ्री डिशच्या वाहिन्या देणाऱ्या, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ या उपग्रहावरचा ११०९० मेगाहर्ट्झचा ट्रान्सपॉन्डर (वाहिन्यांचा एक संच पाठवणारा भाग) पुण्यातल्या आमच्या गच्चीवर एकदाचा लॉक झाला, म्हणजे बॉक्सने तो पकडला. तीन आठवडे शून्यावर ठाण मांडून बसलेली सिग्नलची क्वालिटी क्षणात ६२ वर गेली आणि खाली टीव्हीसमोर बसवलेला भाचा "मामा, आता हलू नका!" असे इतक्या मोठ्याने ओरडला की ते फोनवरून ऐकू येण्याआधी जिन्यातूनच वर पोहोचले. गंमत म्हणजे त्या क्षणी माझा डिशला हातही लागलेला नव्हता. जे घडले ते बॉक्सच्या मेनूत घडले, आणि तेही त्याच्या हातून चुकून.

खांबावरच्या पांढऱ्या खुणेचा उलगडा मागच्या नोंदीत अर्धवट राहिला होता, तो आधी संपवतो. ही डिश वडिलांनी २००५ साली बसवली होती आणि क्लॅम्पची जागा खांबावर ऑइलपेंटने आखून ठेवली होती. तीच खूण प्रमाण मानून मी सुरुवात केली. डीडी डायरेक्ट प्लस ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती ९५ अंश पूर्वेच्या एनएसएस-६ वर होती, ९३.५ अंशांवरच्या इन्सॅट-४बी वर ती नंतर गेली, आणि आज ती डीडी फ्री डिश या नावाने त्याच जागेवरच्या जीसॅट-१५ वर आहे, हे मला ठाऊक होते. पण वडिलांची खूण त्या पहिल्या उपग्रहाची आहे हे लक्षात यायला आठवडा गेला. पुण्याहून ९३.५ अंशांचा दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा) सुमारे १३१.७ आणि उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) ५८.७ येतो, तर ९५ अंशांचा १२९.४ आणि ५७.५. फरक सव्वादोन अंशांचा दिसतो, परंतु ३८ मिलिमीटरच्या खांबावर एक अंश म्हणजे जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर, त्यामुळे ती संपूर्ण चूक ऑइलपेंटच्या रेघेच्या जाडीत लपून जाऊ शकते.

होकायंत्राचा उपयोग झाला नाही. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, मात्र कठड्यातल्या सळ्यांजवळ नेले की सुई कुठेही भरकटते. म्हणून अनंत चतुर्दशीनंतर आकाश उघडल्यावर सूर्याचा दिगंश १३१.७ होण्याची वेळ गणिताने काढली, खांबाशेजारी ओळंबा टांगला आणि त्या मिनिटाला पडलेली त्याची सावली खडूने गच्चीवर आखून घेतली. एवढी विश्वासार्ह रेघ मला कोणत्याही उपकरणाने दिलेली नाही. उन्नतांशासाठी डिशचा ऑफसेट (तबकडीचा रोख आणि सिग्नल येण्याची खरी दिशा यांतला ठरलेला कोन) सुमारे २५ अंश धरला, म्हणजे डिशची तबकडी लंबरेषेपासून ३४ अंशच मागे कलली पाहिजे. नवख्या माणसाला ती समोरच्या इमारतीकडे पाहत असल्यासारखी वाटते, पण ती बरोबर असते.

इतके सगळे जुळवूनही क्वालिटी शून्य राहिली आणि इथून खरा छळ सुरू झाला. स्ट्रेंग्थ ७० च्या वर दिसत होती, तारेत घालायचा बीपर डिश जागेवर आली की मोठ्याने किंचाळत होता, दिगंश इकडेतिकडे केला की त्याचा आवाज मंदावत होता. याचा अर्थ उपग्रह सापडला होता, फक्त चित्र नव्हते. मी आधी जुनी आरजी-५९ केबल काढून आरजी-६ ओढली. मग सगळे एफ-कनेक्टर बदलले. मग नवा ९७५०/१०६०० चा एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल घेणारा डबा) आणला, आणि दुकानदाराने "तुमचा बॉक्सच गेलाय" असे सांगितल्यावर शेजाऱ्यांचा बॉक्सही लावून पाहिला. या सगळ्यात गेलेल्या पैशांचे दुःख नाही, कारण केबल बदलायलाच हवी होती; दुःख एवढेच की बीपरवर मी नको तितका विश्वास ठेवला. तो बापडा पूर्ण पट्ट्यातली एकूण ऊर्जा मोजतो. ती कोणत्या उपग्रहाची आहे, कोणत्या ध्रुवीकरणाची (लहरी उभ्या कंप पावतात की आडव्या) आहे, याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. स्वस्तातले बीपर विकत घेऊ नयेत असे मी म्हणणार नाही, पण ते फक्त दिगंशापुरते वापरावेत.

काल भाचा कंटाळून रिमोटशी खेळत होता आणि त्याच्या हातून ट्रान्सपॉन्डरच्या पानावर ध्रुवीकरण उभ्याऐवजी आडवे झाले. सिम्बॉल रेट २९५०० तसाच, वारंवारता तीच, आणि लॉक! फ्री डिशचा हा ट्रान्सपॉन्डर उभ्या ध्रुवीकरणाचा आहे यात शंका नाही. मग तो आडव्यावर मिळतोच कसा? जिन्यात बसून कागदावर आकृती काढली तेव्हा उत्तर मिळाले आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

पुण्यातून ९३.५ साठी एलएनबीचा स्क्यू, म्हणजे त्याला स्वतःभोवती फिरवायचा कोन, गणिताने जवळजवळ नेमका ४५ अंश येतो. एलएनबीबरोबर आलेल्या कागदावर घड्याळाच्या दिशेने फिरवण्याचा बाण होता, आणि ती आकृती डिशच्या समोर उभे राहून, म्हणजे उपग्रहाकडे पाठ करून, काढलेली होती. माझी डिश आग्नेयेच्या कठड्याला लागून आहे. तिच्या समोर उभे राहायचे तर दोन मजले खाली हवेत उभे राहावे लागेल. मी मागे उभा राहून तोच बाण पाळला. मागून पाहताना तो घड्याळाच्या उलट दिशेने जायला हवा होता, कारण आग्नेयेला तोंड केले की उपग्रहांचा पट्टा डावीकडून उजवीकडे चढत जातो आणि एलएनबीलाही त्याच्याबरोबर कलावे लागते. पंचेचाळीस अंश चुकीच्या बाजूला, म्हणजे योग्य जागेपासून बरोबर नव्वद अंश, म्हणजे उभ्याचे पूर्ण आडवे. हीच चूक नागपूरला केली असती तर तिथला स्क्यू सुमारे ३३ अंश असल्याने फरक ६६ अंशांचा झाला असता, आणि थोडाफार योग्य सिग्नलही झिरपून काहीतरी संशय आला असता. मुंबईकरांचा स्क्यू साडेपंचेचाळीस, कोल्हापूरकरांचा ४८ च्या आसपास आणि पणजीकरांचा पन्नासच्या थोडा वर येतो, तेव्हा या पट्ट्यातल्या सर्वांनी हा सापळा लक्षात ठेवावा.

मेनूत आडवे ठेवूनही काम भागले असते, हे कबूल करतो, पण मग प्रत्येक ऑटो-स्कॅनला हाताने दुरुस्ती करावी लागली असती आणि मला रात्री झोप आली नसती. एलएनबीचा पट्टा सैल केला, मागून पाहत घड्याळाच्या उलट नव्वद अंश फिरवला, मेनूत उभे ध्रुवीकरण परत घातले आणि क्वालिटी ७४ झाली. एलएनबी दोन-दोन अंशांनी मागेपुढे करून ती ८१ वर नेली. १३ नंबरच्या पान्याने क्लॅम्प कसताना ती ७७ वर घसरली, कारण एका बाजूचा नट आधी पूर्ण आवळला होता. दोन्ही नट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळले तेव्हा ८१ टिकून राहिली. ही छोटीशी युक्ती मला तीन आठवड्यांतली सर्वांत मोलाची कमाई वाटते.

पावसात सिग्नल मंदावतो (फेड) म्हणून ९० सेंटिमीटरची डिश घ्यायची असे ठरवले होते आणि या दसऱ्याला ती येणार होती. तो बेत आज सकाळी पुढे ढकलला, कारण आहे तीच डिश किती नेमकी बसली आहे हे तपासायची संधी आली. पुण्याहून पाहताना सूर्य वर्षातून दोनदा, १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आसपास, नेमका या उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ-गोंगाटात सिग्नल बुडतो; आजची ती वेळ सकाळी १०:५३ च्या सुमाराची होती. साडेदहापासून वर जाऊन बसलो. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या आंब्याची सावली डिशवर पडली नाही, म्हणजे वाट मोकळी आहे, आणि ११ वाजण्याच्या सुमारास एलएनबीच्या टोपीवर उजेडाचा गोळा सरकत येऊन थांबला. डिश मॅट रंगाची असल्याने टोपी शाबूत राहिली. चकचकीत डिशवर हा प्रयोग करू नये. खाली चित्राचे चौकोन तुटू लागले होते, मात्र आकडे लिहून घ्यायला कोणी नव्हते.

ही नोंद लिहिता लिहिताच सुचले की तीच तूट मोजमाप म्हणून वापरता येईल. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे एका मिनिटाला पाव अंश. क्वालिटी सर्वांत खाली जाण्याची वेळ गणितातल्या वेळेपेक्षा जितकी मिनिटे आधी किंवा नंतर असेल, तितकी माझी डिश पूर्वेला किंवा पश्चिमेला कललेली ठरेल. ही तूट चारेक दिवस दिसत राहते आणि उद्या गांधी जयंतीची सुट्टी आहे, त्यामुळे भाचा १०:३५ पासून टीव्हीसमोर वही घेऊन बसणार आहे. त्यापूर्वी कनेक्टरवर रबराची स्वतःला चिकटणारी टेप गुंडाळायची आहे, कारण परतीच्या पावसाचे ढग आजच सिंहगडाच्या बाजूला दिसत आहेत.