बल्बची मान

कोल्हापूर, १८ जुलै, रात्री साडेनऊ

आठ दिवस झाले, ऊन म्हणून पडलेले नाही. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला आहे आणि माळ्यावरच्या खोलीत भर दुपारीही दिव्यावाचून अक्षर लागत नाही. अशा पावसात मिरची-वांग्याची कोवळी रोपे अंगणात ठेवली की माऱ्याने आडवी होतात, म्हणून यंदा दोन प्रो-ट्रे (रोपे वाढवायचे खाचांचे ट्रे) घरातच दिव्यांखाली ठेवले. पण गेला आठवडाभर रोपांपेक्षा दिव्यांचीच काळजी मला अधिक लागून राहिली होती.

चार बल्बांपैकी दोन आधी लुकलुकू लागले आणि मग बंद पडले. बल्बच हलके असावेत असे समजून मी ते बदलले. आज सकाळी मात्र खोलीत करपल्याचा वास आला, तेव्हा मेन स्विच बंद करून मी एकेक बल्ब हाताने चाचपून पाहिला. पुढचा पांढरा घुमट जेमतेम कोमट होता, पण होल्डरजवळच्या मानेला बोट टेकवत नव्हते.

एलईडीचा प्रकाश पुढे पडतो आणि उष्णता मागे मानेकडे ओढली जाते, तिथेच त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारे छोटे सर्किट, बसवलेला असतो आणि त्यातले कपॅसिटर सतत तापत राहिले की लवकर निकामी होतात. प्रकाश रोपांवरच एकवटावा म्हणून मी तेलाचे पत्र्याचे डबे कापून त्यांत हे १२ वॅटचे बल्ब उलटे टांगले होते. गरम हवा वर चढून नेमकी त्या बंद पत्र्यात, बल्बच्या मानेभोवती कोंडत होती. लहानपणी कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला आम्ही ६० वॅटचा पिवळा बल्ब लावत असू. त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते, त्यामुळे एलईडी तापत नाही असे मी धरूनच चालले होते.

दुपारी वायरमन मामा आले. होल्डर उघडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला: एका पिनेची स्प्रिंग बसून गेलेली, स्क्रूखालची तार ढिली आणि भोवतीचे बॅकेलाइट तपकिरी पडलेले. "अवो ताई, होल्डरच करपलाय की. नुसता बल्ब बदलून काय हुतंय?" असे ते म्हणाले, आणि ते खरेच होते, कारण ढिल्या जोडावर निर्माण होणारी उष्णता नव्या बल्बलाही तितकीच भोवली असती.

आता डबे काढून टाकले आहेत, लाकडी पट्टीवर चिनी मातीचे तीन होल्डर बसवले आहेत आणि बल्ब ९ वॅटचे घेतले आहेत. पाने तापतात म्हणून मी मध्यंतरी दिवे बरेच वर नेले होते, तेव्हा चारच दिवसांत रोपे लांबट आणि किडकिडीत झाली. एका बल्बपासूनचे अंतर दुप्पट केले की पानाला प्रकाश साधारण चौथाईच मिळतो. त्यामुळे आता दिवे रोपांच्या शेंड्यांपासून वीतभर उंचीवर ठेवले आहेत, आणि टेबलफॅन अगदी मंद, बाजूने फिरता ठेवला आहे.

तीन तास दिवे चालल्यावर ते बंद करून मघाशीच मानांना हात लावून पाहिला. गरम आहेत, पण हात ठेवता येतो. पानांच्या उंचीवर थर्मामीटर २८ अंश दाखवतो आहे, काल तो ३६ वर होता. कडा वळलेली वांग्याची सहा रोपे सावरतील की नाही, ते दोन दिवसांत कळेल. चौथा होल्डर मिळेपर्यंत ती जागा अंधारातच ठेवली आहे आणि तिथली मिरची उरलेल्या तीन दिव्यांखाली दाटीवाटीने सरकवली आहे.