एकच उत्तरपत्रिका, दोन निकाल

निवृत्त अमेरिकन फुटबॉलपटूंची तपासणी हा माझ्या कामाचा लहानसा भाग आहे, पण ज्या प्रकरणाने अजून माझी पाठ सोडलेली नाही ते नेमके त्यातलेच आहे. मी पेनसिल्व्हेनियात न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. न्यूरॉलॉजिस्ट एमआरआयमध्ये मेंदूची रचना पाहतात. मी माणसापुढे आकडे, आकृत्या, शब्द आणि छोट्या गोष्टी ठेवते आणि त्याचे लक्ष, स्मरण, भाषा, नियोजन यांपैकी काय किती ढासळले आहे ते मोजते. यात दिवसाचे पाच-सहा तास सहज जातात. चाचण्यांतले प्रश्न बाहेर सांगण्यास मनाई असल्यामुळे ते येथे येणार नाहीत.

आमच्या राज्यात या विषयाला वेगळे वजन आहे. पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाकडून चार सुपर बोल (विजेतेपदाचे अंतिम सामने) जिंकलेला आणि 1997 मध्ये हॉल ऑफ फेम या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत दाखल झालेला माइक वेबस्टर 2002 मध्ये पन्नासाव्या वर्षी वारला. उतरत्या काळात तो कित्येकदा स्वतःच्या ट्रकमध्ये झोपत असे. ॲलेघेनी काउंटीच्या शवागारात डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई, या डोक्याला वारंवार बसलेल्या धडकांमुळे मेंदू झिजवणाऱ्या आजाराचे नाव त्यानंतर घरोघरी पोहोचले. या आजाराचे पक्के निदान मात्र मृत्यूनंतर मेंदूचे काप पाहूनच होते. त्यामुळे निवृत्त खेळाडूंनी एनएफएलवर, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगवर, भरलेल्या दाव्यात तडजोड झाली आणि एप्रिल 2015 मध्ये फिलाडेल्फियातील न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी तिला मंजुरी दिली, तेव्हा हयात खेळाडूंसाठी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), अल्झायमर, पार्किन्सन आणि एएलएस (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशींचा आजार) हे आजार भरपाईस पात्र ठरले. त्यांतला डिमेन्शिया मोजण्याचे काम आमच्यासारख्यांकडे आले. रकमा मोठ्या आहेत. पुढच्या टप्प्याच्या डिमेन्शियाला कमाल तीस लाख डॉलर. मात्र निदानाच्या वेळी वय जितके जास्त तितकी रक्कम कमी होते आणि पाच हंगामांपेक्षा कमी खेळलेल्यांची आणखी कापली जाते.

माझ्याकडे आलेले गृहस्थ कृष्णवर्णीय होते, साठीच्या उंबरठ्यावरचे. दक्षिणेकडच्या एका लहान कॉलेजातून ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, शेवटच्या फेऱ्यांत निवडले गेले आणि गार्ड म्हणून सात हंगाम खेळले. गार्ड हा ऑफेन्सिव्ह लाइनवरचा, म्हणजे चढाई करणाऱ्या संघाच्या पुढच्या रांगेतला माणूस. चेंडू त्याच्या हाती क्वचितच येतो. प्रत्येक डावाला समोरच्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसावर डोके पुढे करून आदळणे हेच त्याचे काम. मैदानावर कोणी बेशुद्ध पडला तर लाखो लोक पाहतात, पण लाइनवरच्या या रोजच्या धडका त्या काळी कुठल्याही नोंदीत येत नसत. प्रेक्षकांना क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराचे नाव पाठ असते, त्याला वाचवणाऱ्यांचे नसते. निवृत्तीनंतर गृहस्थांनी शाळेतल्या मुलांना प्रशिक्षण दिले, मग विमा विकला आणि ग्राहकांची नावे आठवेनाशी झाली तेव्हा तो धंदाही सोडला. हे सर्व मला त्यांच्या पत्नीने सांगितले. ते स्वतः ‘सगळे ठीक आहे’ एवढेच म्हणत होते.

त्यांच्या उजव्या हाताची करंगळी पहिल्या पेरापासून बाहेर वळलेली होती आणि शेजारच्या बोटाचा सांधा सुजून गोठल्यासारखा होता. पेन्सिल त्यांना मुठीत धरावी लागे. बाहेरच्या माणसाला हा तपशील किरकोळ वाटेल. आमच्या कामात त्यावर निकाल फिरतो. आकडे आणि अक्षरे क्रमाने रेषेने जोडण्याच्या चाचणीत आम्ही वेळ मोजतो, आणि बोटे अडखळली तर वेळ वाढतो, मेंदूचा त्यात काही संबंध नसला तरी. म्हणून मी हाताची गती स्वतंत्र मोजली, पेन्सिल न लागणाऱ्या चाचण्या जादा घेतल्या आणि लेखी कामातील गुण मूळ निष्कर्षातून बाजूला ठेवले. इतकी काळजी घेणारे सहकारी फार नाहीत. काहींचे अहवाल वाचले की संगणकाने छापलेला तक्ता जसाच्या तसा चिकटवल्याचे कळते.

मुद्दाम चुकीची उत्तरे देणारे ओळखण्यासाठी आमच्याकडे वेगळ्या चाचण्या असतात. डिमेन्शियाचा रुग्णही त्या बहुधा पार करतो. ढोंग करणारा पुष्कळदा तिथेच अडकतो. हे गृहस्थ त्या सहज उत्तीर्ण झाले. मध्ये थांबू या का असे विचारले की मान हलवून नाही म्हणत. एक छोटी गोष्ट ऐकवली तेव्हा त्यांनी तिचे काही तुकडे सांगितले. अर्ध्या तासाने तीच गोष्ट पुन्हा सांगण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी अत्यंत अदबीने विचारले, “कोणती गोष्ट, डॉक्टर?”

यानंतर येते ते काम कोणाला दिसत नाही. कच्चे प्राप्तांक नुसते निरुपयोगी असतात; ते समवयस्क, समशिक्षित लोकांच्या मानकांशी ताडून पाहावे लागतात. अमेरिकेत वापरात असलेल्या, 2004 मध्ये सुधारलेल्या एका प्रमुख संचात वय, लिंग आणि शिक्षण यांच्या जोडीला वंशाचाही रकाना आहे. कृष्णवर्णीयांचे अपेक्षित गुण त्यात खाली धरलेले असतात, त्यामुळे तोच कच्चा आकडा गोऱ्या माणसाच्या तक्त्यात आजार ठरतो आणि काळ्या माणसाच्या तक्त्यात ‘अपेक्षेप्रमाणे’. तडजोडीच्या निकषानुसार लक्ष, स्मरण, भाषा अशा बौद्धिक क्षमतेच्या पाचपैकी किमान दोन क्षेत्रांत ठरावीक घसरण दिसणे आवश्यक होते. वंशाचा रकाना धरला तर या गृहस्थांचे एकच क्षेत्र रेषेखाली जात होते, वगळला तर तीन. मी अहवालात दोन्ही निकाल लिहिले आणि पत्नीच्या नोंदींसह माझे मत आजाराच्या बाजूने दिले. भरपाईच्या दाव्यांची छाननी करणाऱ्याने वंशासह काढलेला निकाल तेवढा उचलला आणि दावा फेटाळला. त्याने माणूस पाहिला नव्हता, कागद पाहिला होता.

हा रकाना वाईट हेतूने निर्माण झाला नव्हता, आणि म्हणूनच मी त्यावर अजून विचार करत असते. पुण्यात एम.ए. करताना आम्हाला भाटिया यांची बुद्धिमापन चाचणी शिकवली होती. तीत साक्षर आणि निरक्षर यांची मानके वेगळी होती, कारण शाळाच न पाहिलेल्या मुलाला मंदबुद्धी ठरवणे अन्यायाचे झाले असते. इथेही भेदभावाच्या, कमी पैशाच्या शाळांत शिकलेल्या निरोगी माणसावर डिमेन्शियाचा शिक्का बसू नये, हाच उद्देश होता. रुग्णाला वाचवण्यासाठी केलेली सवलत भरपाईच्या दारात उलटी फिरली, कारण तिथे आजारी ठरण्यातच हक्क होता.

केविन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी ऑगस्ट 2020 मध्ये याविरुद्ध दावा केला. डेव्हनपोर्टच्या प्रकरणात तर वंशाचा विचार न करता झालेल्या निदानावर लीगनेच अपील केले होते, आणि दुसरीकडे हा वापर सक्तीचा नाही असेही सांगत होती. जून 2021 मध्ये लीगने तो थांबवण्याचे जाहीर केले आणि मार्च 2022 मध्ये वंश वगळलेल्या सुधारित सूत्राला न्यायालयाची मंजुरी मिळाली. जुन्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासायच्या ठरल्या.

फेरतपासणीच्या दिवशी मी त्यांची फाइल काढली. एकही प्रश्न नव्याने विचारायचा नव्हता; फक्त तक्ता बदलायचा होता. दुपारपर्यंत नवा अहवाल तयार झाला आणि तीन क्षेत्रे रेषेखाली गेली, जशी ती आधीही गेली होती. पत्नीला फोन केला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे तेव्हा ते आजारी होते की नव्हते?” होते, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या की, आता गाडीची किल्ली लपवून ठेवावी लागते.

त्यानंतर काही दिवसांनी एक कृष्णवर्णीय बसचालक बाई माझ्याकडे आल्या. विसरभोळेपणाची तक्रार त्यांच्या कार्यालयाने केली होती आणि निदान झाले तर नोकरी जाणार होती. शिक्षण मिसिसिपीतील एका खेड्यात, शाळा वर्षातून काही महिनेच चालत असे. वंशाचा रकाना धरला तर त्या निरोगी, वगळला तर सीमारेषेवर. मी तो रकाना वगळला, त्याऐवजी वाचनाच्या चाचणीवरून त्यांची मूळ क्षमता आजमावली, शाळेचे स्वरूप अहवालात सविस्तर लिहिले आणि निदान न देता त्यांना सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले. माझ्या शेजारच्या खोलीतले सहकारी अशाच रुग्णासाठी अजूनही वंशाचा तक्ता उघडतात, आणि त्यांच्याशी माझा वाद चालू आहे.