एक वाटी जास्त

मंगळवारी दुपारी भांडी लावत होते तर एक वाटी जास्त निघाली.

वस्तू हरवते, त्याचं काही नाही. चमचे हरवतात, डब्यांची झाकणं तर कुठे जातात देव जाणे, त्याला कोणी घाबरत नाही, फार तर चिडतं. पण जास्तीची? साधी स्टीलची आमटीची वाटी, कडेला थोडीशी चेपलेली, आणि बुडाशी ते दुकानातल्या मशीनवर टर्रर्र करत घालून देतात तसं ठिपक्याठिपक्याचं नाव, सौ. शा. वि. को. आणि खाली ७-५-८१. आमच्यात को. कोणी नाही. माहेरीही नाही. शेजारून काही आलं असेल म्हणावं तर समोरचा फ्लॅट दोन वर्षं बंद आहे आणि बाजूला मुलं भाड्याने राहतात, त्यांच्याकडे स्टीलचं भांडं म्हणजे चहाचं पातेलं तेवढं एकच.

मावशी आल्या तेव्हा त्यांना दाखवली. त्यांनी उलटीसुलटी करून बघितली न् म्हणाल्या, "तुमचीच की ओ ताई, रोजच तर घासते मी."

रोजच!

मग काय, दुपारची झोप गेलीच. अशा वेळी मला मतकरी आठवतात. रत्नाकर मतकरी बँक ऑफ इंडियात वीस वर्षं नोकरीला होते, हे मला खूप उशिरा कळलं आणि कळल्यावर एकदम सगळं पटलं. म्हणजे दिवसभर लेजर, सह्या, काउंटरपलीकडे उभी असलेली घामेजलेली नीटनेटकी माणसं, यातलाच कोणीतरी संध्याकाळी घरी जाऊन काय करत असेल हा विचार बँकेतच सुचणार ना. आपल्या कथांना ते स्वतः गूढकथा म्हणायचे, भूतकथा म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. मला लहानपणी तो फरक कळायचा नाही, मला फक्त एवढं कळायचं की नारायण धारपांच्या भयकथा वाचून मी रात्री बाथरूमला एकटी जायचे नाही आणि मतकरींचं वाचून मला दुपारी चार वाजता आईकडे बघायचीसुद्धा भीती वाटायची. धारपांकडे कितीही भयंकर काही आलं तरी बऱ्याचदा त्यांच्या कथांतले ते समर्थ यायचे, निदान सोडवायला कोणीतरी होतं. मतकरींकडे कोणी यायचं नाही हो. गोष्ट संपायची आणि आपण आपल्याच घरात.

दिवाळी अंक लायब्ररीतून यायचे, एक अंक दोन दिवस, त्यामुळे आईचं वाचून व्हायच्या आत मला वाचायचा असायचा आणि तोही चोरून, म्हणून मी भर उन्हात गच्चीच्या जिन्यात बसून वाचायचे. एखाद्या कथेची शेवटची पानं फाटलेली असायची. ती सगळ्यात वाईट. शेवट माझा मलाच करावा लागायचा आणि तो कधीच धड व्हायचा नाही.

आजीला असल्या कथांची गंमत वाटायची. तिच्याकडे सगळ्यांचे पत्ते ठरलेले होते. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर, चकवा रात्रीच्या वाटेवर, आपण तिकडे नाही गेलो की झालं. फ्लॅटमध्ये भूत ही कल्पनाच तिला पटायची नाही, "पिंपळ कुठाय तुमच्याकडे?" म्हणायची. नियम एकच, एका हाकेला ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या, ते दोनदाच बोलावतात म्हणे. मी अजून पाळते. नवरा बाथरूममधून टॉवेलसाठी ओरडत राहतो, मी मोजत असते, त्याला वाटतं मला ऐकायला कमी येतं. वाटू दे.

एकदा मात्र चुकलं. मे महिना, रत्नागिरीकडचं घर, पडवीत आंब्यांची अढी आणि त्या वासात सगळे जेवून आडवे झालेले. मागीलदारातून आजीने हाक मारली. माझ्या नावाने, नेहमीच्या हेलात, कोकमं वाळत घालायला बोलावते तशी. मी "ओ" म्हटलं आणि उठले, आणि उठताना हात टेकला तो आजीच्या पदरावर. ती शेजारी घोरत होती.

शेजारच्या काकू असतील. त्यांचा आवाज तसाच होता थोडा. मी मागीलदारी गेले नाही, परत पडले डोळे मिटून, आणि हे मी आजीला कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हा पहिल्यांदा जे मनात आलं ते हे होतं, की सांगायचं राहिलं.

तर वाटी. बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकला, तीन अंगठे आणि एक 'गुड मॉर्निंग' आलं. लेक म्हणते लग्नाच्या आधीपासून असेल, तू बघितलीच नसशील. असेलही. वाटी कधीतरी परत द्यायची म्हणजे रिकामी देता येत नाही, म्हणून दोन चमचे साखर घालून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलीय, विचारत आलंच कोणी तर हाताशी असावी. आज आठ दिवस झाले. उघडीच आहे, पण एक मुंगी लागली नाही.

खडूची रेघ मारलीय मी ओट्यावर. त्यामुळे असेल.