तुम्ही विचारलंत म्हणून: इजिप्तचा सुलतान कुतुझ, त्याला कुणी मारलं?

आधी एक क्लिअर करते, मी ज्याच्यावर व्याख्यानं देते तो बाबर नाही. बायबर्स. बाबर जन्मायच्या दोनशे वर्षं आधी मेलेला, किपचाक तुर्क, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि शेवटी इजिप्तचा सुलतान झालेला. माझं व्याख्यान संपलं की चहाच्या टेबलापाशी एकजण हमखास विचारतो, काय हो मॅडम, आपल्याकडे माणसं कमी पडली का? त्याला मी बिस्किट देते. पण मग दुसरं कुणीतरी जरा बाजूला घेऊन विचारतं, अहो पण त्याने स्वतःच्याच सुलतानाला मारलं ना, मग तुम्हाला तो आवडतो कसा? हा प्रश्न मी सहा वर्षं टाळतेय.

आयन जालूतची लढाई परत सांगत बसत नाही. 3 सप्टेंबर 1260, मंगोल हरले, सुलतान कुतुझ, आघाडीच्या तुकडीवर बायबर्स, एवढं हा प्रश्न विचारणाऱ्यांना माहीत असतंच. मला सांगायचंय ते पुढच्या दोन महिन्यांतलं, परतीच्या वाटेवरचं. कुतुझने बायबर्सला हलबचा (म्हणजे सीरियातल्या अलेप्पोचा) सुभा द्यायचं कबूल केलं होतं म्हणतात आणि दिला दुसऱ्यालाच. शिवाय जुना हिशोब होताच, 1254 मध्ये बायबर्सच्या टोळीचा म्होरक्या अकताय कैरोच्या किल्ल्यात बोलावून मारला गेला त्यात कुतुझचा हात होता, आणि त्यानंतर बायबर्स सहा वर्षं सीरियात या अमिराच्या (सरदाराच्या) दारातून त्या अमिराच्या दारात फिरत होता.

तर ऑक्टोबर, इजिप्तची हद्द आलेली, कुतुझ सशाच्या मागे घोडा घालून छावणीपासून लांब गेला. बरोबर बायबर्स आणि त्याचे साथीदार अमीर. एका अमिराने (काहीजण म्हणतात खुद्द बायबर्सनेच) लुटीतली एक बंदी मुलगी मागितली, कुतुझ हो म्हणाला, आभार मानायला म्हणून त्याने सुलतानाचा हात चुंबायला घेतला आणि तो सोडलाच नाही. हीच खूण होती. बाकीच्यांच्या तलवारी बाहेर आल्या. त्या मुलीचं पुढे काय झालं कुणीच लिहीत नाही.

आता माझी गोष्ट. माझ्या स्लाइडवर इतकी वर्षं होतं, ‘ऑक्टोबर 1260: कुतुझची हत्या झाली.’ पुढची स्लाइड, सुलतान बायबर्स. एका वाचनालयात दुसऱ्या रांगेतले एक काका हात वर न करताच म्हणाले, "झाली म्हणजे? केली कुणी?" मी म्हटलं, काही अमिरांनी कट केला होता. "त्या अमिरांत हा होता का?" मी म्हटलं याबाबत साधनांमध्ये एकवाक्यता नाही. आणि क्लिकर दाबला. मागे दोनतीनजण हसले. काका काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले, आणि मी उरलेली वीस मिनिटं त्यांच्याकडे न बघता बोलले.

एकवाक्यता नाही हे खरंच आहे हो. पहिला वार कुणाचा, कितीजण होते, यावर वाद आहे. हा त्यात होता की नाही यावर नाही. उलट त्याचा स्वतःचा चिटणीस इब्न अब्द अल-झाहिर, ज्याने धन्याचं चरित्र लिहिलं, तो तर सगळं श्रेय एकट्या बायबर्सलाच देतो. श्रेय! दरबारी लेखकाने झाकलं नाही आणि मी, तेराव्या शतकाशी देणंघेणं नसलेली बाई, मी झाकतेय. आणि छावणीतला प्रसंग तर अजूनच वाईट (माझ्यासाठी). तंबूत म्हाताऱ्या अताबेगने (सेनापतीने) विचारलं, तुमच्यापैकी मारलं कुणी? बायबर्स म्हणाला, मी. मग बस त्याच्या जागेवर, अताबेग म्हणाला. काकांनी मला तोच प्रश्न विचारला होता, बायबर्सला एका शब्दात जमलं ते मला जमलं नाही.

पूर्वीची मी म्हणेल, अगं पण तो काळच तसा. डोळ्यात पांढरा ठिपका म्हणून 800 दिरहमला घेतलेला पोरगा परत केला गेला, असा माणूस इमानदारी कुठे शिकणार? ठीक. पण त्याच पोराला नंतर सुलतान अल-सालिहच्या पलटणीत वाढवलं, आणि त्या सालिहचा मुलगा तुरानशाह 1250 मध्ये मारला गेला तेव्हाही पहिल्या वाराला नाव याचंच येतं. म्हणजे दोन सुलतान. आणि 1268 ला क्रुसेडरांचं अँटिओक शहर घेतल्यावर तिथल्या गैरहजर राजाला त्याने जे पत्र पाठवलं, तू असतास तर काय काय बघितलं असतंस, ते मी व्याख्यानात अर्धंच वाचते.

तरी तो आवडतो. का ते विचारू नका, म्हणजे विचारलंतच. सतरा वर्षं राज्य, कैरो ते दमास्कस चार दिवसांत टपाल, बगदाद मंगोलांच्या हाती गेल्यावर कैरोत खलिफा आणून बसवला, मंगोलांना परत पाय रोवू दिले नाहीत, हे सगळं मी तोंडपाठ सांगते आणि सांगताना मला कळतं की हे उत्तर नाही, वकिली आहे.

स्लाइड बदललीय. ‘बायबर्स आणि इतर अमिरांनी कुतुझला मारलं.’ आणि खाली अजून एक ओळ घातलीय. कैरो कुतुझच्या स्वागताला सजवलेलं होतं, आणि पहाटे दवंडीवाला रस्त्यातून ओरडत गेला, सुलतान कुतुझच्या आत्म्यासाठी दुआ मागा, आणि तुमच्या सुलतान बायबर्ससाठी.

ते काका परत आलेले नाहीत.