'सिस्टर, तुम्ही देऊन टाका' हे कागदावर आणताना: माझा अनुभव

जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आयसीयूत लागणं हे सगळं सरळ झालं, त्यावर लिहायचं काय नाही. डोकं फिरलं ते एका साध्या मागणीपायी. नाईटला मी नेमकं काय काय करू शकते, ते लेखी द्या.

नाईटला आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) दुसऱ्या वॉर्डात, कन्सल्टंट घरी, आणि फोनवर "सिस्टर, तुम्ही देऊन टाका". सकाळी फाईलवर डॉक्टरांची सही नसली तर दिलं कुणी, सिस्टरनं!

हॉस्पिटल कोल्हापुरातलंच, नाव घेत नाही. एचआर म्हणाले, जॉईन होताना जेडी (कामाची यादी) दिलाय की. बघितला, झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट, आणि शेवटची ओळ 'वरिष्ठ सांगतील ती इतर कामे'. ह्या ओळीत अख्खा महाद्वार रोड मावेल. मॅट्रन मॅडम (नर्सिंगच्या मुख्य) म्हणाल्या क्वालिटी डिपार्टमेंटला विचार, क्वालिटीवाले म्हणाले हे नर्सिंगचं आहे, मॅट्रनच सांगतील, परत गेले तर ऑडिट झाल्यावर बघू. लई वैताग आला. मग अर्ज लिहिला, दोन प्रती, एकीवर पोच घेतली, त्यात स्पष्ट लिहिलं की एनएबीएच (हॉस्पिटलला दर्जाची मान्यता देणारी संस्था) नर्सेसचं पण क्रेडेन्शियलिंग-प्रिव्हिलेजिंग मागतं, म्हणजे शिक्षण तपासून कुणाला कुठलं काम करायची परवानगी ते लेखी, माझं कुठाय? पोचेचा शिक्का बसल्यावर कपाटातनं ह्याचेच कोरे फॉर्म निघाले! म्हणजे होते, भरले नव्हते एवढंच. तोंडी विचारत बसू नका बायांनो.

मला वाटायचं कायद्यात यादी असेल. 1966 चा महाराष्ट्र नर्सेस ॲक्ट चाळला तर तो मुख्यतः कौन्सिल आणि रजिस्ट्रेशनचा, कुठलं इंजेक्शन कुणी द्यायचं असलं काय त्यात नाही. ते ठरतं तुमचं शिक्षण, रजिस्ट्रेशन, हॉस्पिटलची लेखी पॉलिसी आणि तुम्हाला ते काम खरंच येतं का, यावर.

फॉर्मवर प्रत्येक कामापुढं तीन रकाने: स्वतः, देखरेखीखाली, नाही. आयव्ही लाईन, लघवीचा कॅथेटर, सक्शन (नळीनं कफ ओढणं) स्वतः. ब्लड लावताना दोघींनी चेक करायचं. पोटॅशियम क्लोराईड पातळ करून, हळूहळू औषध सोडणाऱ्या पंपावरच, ते पण दुसऱ्या सिस्टरनं बघितल्यावर, सरळ पुश कधीच नाही, हृदय बंद पडतं. इंट्युबेशन (श्वासनळीत नळी घालणं) 'नाही', फक्त असिस्ट. हे वाचून मला उलट बरं वाटलं, आता फोनवर "नाही सर, हे माझ्या फॉर्ममध्ये नाही, आरएमओंना वर पाठवा" म्हणता येतंय.

फोनवरची ऑर्डर घेताना लिहून घ्या, मोठ्यानं परत वाचून दाखवा, डॉक्टरांचं नाव नि वेळ टाका. आमच्याकडं 24 तासांत सही घ्यायची असते, मी राऊंडलाच पेन पुढं करते.

हां, आणि फॉर्मसोबत बीएलएस, एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवायचं ट्रेनिंग) ह्यांची सर्टिफिकेटं लागतात, ती दोन वर्षांचीच असतात, तारीख बघून जोडा. जॉब बदलला तर जुन्या हॉस्पिटलचा फॉर्म चालत नाही, नव्या ठिकाणी पहिल्या आठवड्यातच मागा, पोच घेऊन.