पुन्हा करणे

रविवार, रात्री उशिरा

शुक्रवारचा त्या संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न अजून मनातून जात नाही. चर्चासत्र संपले होते, सगळ्यांचे इंग्रजीतले बोलणे आटोपले होते, खुर्च्या सरकत होत्या, आणि ती जवळ येऊन जरा चाचरत मराठीत म्हणाली, "मॅडम, तुमच्या 2002 च्या पेपरात त्या प्रथिनात एलपीएस नव्हतं, हे कसं तपासलं होतं?" मी लगेच म्हणाले, "पॉलिमिक्सिन घालून तपासलं होतं." एलपीएस म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला, प्रथिनात अशुद्धी म्हणून राहू शकणारा पदार्थ, आणि पॉलिमिक्सिन हे त्याला निष्प्रभ करणारे औषध. ती "बरं मॅडम" म्हणाली आणि बस गाठायला निघून गेली. तिने विश्वास ठेवला, आणि त्यामुळेच मी अस्वस्थ झाले, कारण उत्तर देताना मला तो प्रयोग आठवत नव्हता. तो आपण केलाच असणार, एवढेच मी धरून चालले होते.

काल सुट्टी असूनही प्रयोगशाळेत गेले आणि कपाटातून जुनी वही काढली. पॉलिमिक्सिनचा प्रयोग आहे. एकदाच केलेला आहे, आणि त्यात पेशी चेतल्याची खूण असलेला गुलाबी रंग गेलेला नाही, फक्त फिका झाला आहे. त्याच्या पुढच्या पानावर उकळलेल्या नमुन्याचा प्रयोग आहे. त्याखाली माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने लिहिले आहे: "उकळूनही रंग येतो. बहुधा नीट उकळले नाही. पुन्हा करणे."

त्यानंतर ती वही शेवटपर्यंत चाळली, तिच्या पुढची वहीही चाळली. पुन्हा केलेले नाही.

'पुन्हा करणे' या दोन शब्दांचा अर्थ माझ्यापुरता स्पष्ट मांडून ठेवते, म्हणजे उद्या मी स्वतःला दुसरे काही सांगणार नाही. एचएसपी-60 हे मानवी प्रथिन आम्ही ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेत होतो. एलपीएस हा त्याच जिवाणूंच्या बाह्य आवरणाचा घटक, आणि मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींना त्याचा इतका सूक्ष्म अंश पुरतो की एका मिलिलिटरमध्ये नॅनोग्रॅमभरही असले तरी त्या पेटून उठतात. प्रथिन उकळले की त्याची घडी मोडते आणि ते निकामी होते. एलपीएस मात्र उकळण्याला दाद देत नाही, ऑटोक्लेव्हमधल्या दाबाच्या वाफेलाही देत नाही. काचेवरून ते घालवायचे तर ती 250 अंशांवर अर्धा तास भाजावी लागते. म्हणजे उकळलेल्या नमुन्यानेही पेशी नायट्राइट सोडत असतील आणि नायट्राइट दाखवणारा ग्रीस अभिकर्मक घातल्यावर प्लेटमधल्या त्या खळग्यांत गुलाबी रंग येत असेल, तर रंग आणणारे आमचे प्रथिन नव्हे. ही गोष्ट मी एम.एस्सी.च्या मुलांना दरवर्षी फळ्यावर शिकवते.

त्याहून मोठी चूक तर्कात होती, आणि ती मला काल दुपारी प्रथमच नीट दिसली. टीएलआर-4 हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचे संदेश पकडणारे प्रथिन, अडवणारी प्रतिपिंडे घातली की आमचा परिणाम थांबत होता, म्हणून आम्ही लिहिले की एचएसपी-60 टीएलआर-4 मार्फत दाह सुरू करते. पण एलपीएसचा रिसेप्टरही तोच आहे. बॉयटलर यांच्या गटाने 1998 साली उंदरांच्या जनुकावरून तेच दाखवले होते. टीएलआर-4 बंद केले की दोघांचीही वाट बंद होते. ज्या पुराव्याचा मला सर्वांत अधिक अभिमान होता, तो या दोहोंत काहीच निवाडा करू शकत नव्हता.

मला तेव्हाच कळले होते का? कालपासून एवढेच विचारते आहे. "बहुधा नीट उकळले नाही" हे वाक्य ज्या हाताने लिहिले, त्या हाताला शंका आलेली होती. शंका आली नसती तर तो प्रयोग पुन्हा करायचे लिहिलेच नसते. मग लिहिल्यावर ते का राहून गेले?

त्या काळात सगळ्यांनाच हे खरे असावे असे वाटत होते, हे मला आठवते. प्रतिकारशास्त्रज्ञ पॉली मॅटझिंगर यांनी 1994 मध्ये मांडले होते की प्रतिकारसंस्था परके ओळखत नाही, ती धोका ओळखते. त्यामुळे जखमी पेशीतून सांडलेले आपलेच प्रथिन धोक्याची हाक देते, ही कल्पना फार देखणी होती. पुढे 2003 मध्ये गाओ आणि त्सान यांचे दोन शोधनिबंध आले, एक एचएसपी-70 वर आणि दुसरा एचएसपी-60 वर, आणि दोन्हींतून दिसले की प्रथिनातले एलपीएस काढून टाकले की तो परिणामही जातो. ते निबंध मी वाचले होते. त्यांच्या झेरॉक्स प्रतींवर माझ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. मी स्वतःला सांगितले की आपली शुद्धीकरणाची पद्धत वेगळी आहे.

इतके लिहून झाल्यावर थोडे रडू आले, तेही नोंदवते. बेळगावात राहून हे काम करणे काय होते, हे आता कोणाला सांगायचे? पेशी बंगळूरहून रात्रीच्या बसने थर्माकोलच्या डब्यात यायच्या, आणि बस हुबळीला अडकली की सकाळी डब्यातला बर्फ पाणी झालेला असायचा. एंडोटॉक्सिन, म्हणजे एलपीएसच, मोजायच्या एका किटची किंमत आणि माझे वर्षाचे अनुदान यांची तुलना करायला तेव्हा बसलेच नव्हते. सरांना निबंध त्या वर्षीच हवा होता. आणि बाबांचे त्या वर्षी... ते राहू दे. यांतले काहीच खोटे नाही, पण उकळायला एक बीकर आणि वीस मिनिटे लागतात, आणि ती माझ्याकडे होती.

आज सकाळी आक्काबरोबर वडगावात मिरची कांडायला गेले होते. या वेळची संकेश्वरी चांगली निघाली आहे. परत येऊन तीनदा साबणाने हात धुतले, हाताला वास नव्हता, लाल डागही नव्हता, आणि नकळत डोळा चोळला. डोळ्याला पाण्याची धार लागली तेव्हा आक्का म्हणाली, "साबणानं काय हुतंय? आधी खोबरेल लावायचं की बोटांना." तिचे बरोबर आहे, तिखटाचा अर्क तेलात विरघळतो. डोळे मिटून बसले असताना त्या जळजळीच्या टीआरपीव्ही-1 रिसेप्टरची आठवण झाली, जो 43 अंशांच्या वरच्या उष्णतेलाही तसाच उघडतो आणि ज्यामुळे तिखट 'भाजते' असे आपण म्हणतो. मग वाटले, हात स्वच्छ दिसत होते आणि मी स्वतः ते धुतले होते, तरी ते स्वच्छ नव्हते. आणि तरीही त्या धुण्यात लबाडी नव्हती. धुतलेले पुरेसे नव्हते, हे डोळ्याने सांगितले. 2002 मधल्या त्या मुलीविषयीही, म्हणजे तेव्हाच्या माझ्याविषयी, मी आज एवढेच म्हणू शकते. मात्र डोळ्यातून पाणी आल्यावरही हात स्वच्छच आहेत असे जी म्हणत राहिली, ती 2003 ची मी आहे. तिला मी इतक्या सहज सोडणार नाही.

संधिवाताच्या रुग्णांच्या गुडघ्यातल्या पाण्यात आयएल-6 हे दाहाचे संकेत-प्रथिन मोजण्याचे नंतरचे आठ वर्षांचे काम या प्रथिनावर उभे नाही, हे दुपारी वह्या काढून तपासले. ते टिकते. पण शुक्रवारी प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा प्रबंध मात्र थेट 2002 च्या निबंधावर उभा राहणार आहे, आणि त्या मुलीची तीन वर्षे माझ्या पेन्सिलीच्या एका ओळीखाली जाऊ देणार नाही.

उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये तळाच्या खणात त्या बॅचच्या दोन नळ्या अजून आहेत. इतक्या वर्षांत वीज किती वेळा गेली असेल याचा हिशेब नाही. प्रथिन कदाचित केव्हाच मोडून गेले असेल. एलपीएस असेल, तर ते अजूनही असेल. विभागात आता हॉर्सशू क्रॅबच्या रक्तापासून बनवलेले एलएएल किट आहे. नमुना मिसळून तासभर 37 अंशांवर ठेवायचा आणि नळी उलटी करायची. आतला द्रव गोठून तळाशीच चिकटून राहिला तर एंडोटॉक्सिन आहे, खाली ओघळला तर नाही.

मघाशी तिला फोन केला. वहीत काय आहे ते पानासकट सांगितले, आणि शुक्रवारी दिलेले उत्तर अर्धवट होते हेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, मी उद्या पिपेट भाजून ठेवते." मी तिला म्हणाले की दोन जुन्या नळ्या, एक नुसत्या पाण्याची आणि एक एलपीएस घातलेली, अशा चारांवर तूच आकडे घाल, यादी तुझ्याजवळ ठेव, आणि मी सगळ्या उलट्या करून लिहून घेईपर्यंत कोणती कुठली ते मला सांगू नकोस.