ट्रॅव्हल ट्रेलरचे वजन आणि पिकअपच्या दारावरचा आकडा

हिवाळा सरू लागला की अमेरिकेत कोलोरॅडोतील डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांपैकी कोणी ना कोणी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे छोटे घर, घेण्याचा विषय काढतेच, आणि मी काही वर्षांपासून ट्रेलर ओढत असल्यामुळे पहिला फोन मला येतो. प्रश्न बहुधा ठरलेला असतो: कंपनी सांगते की माझा पिकअप 11,000 पौंड ओढतो, तेव्हा 7,000 पौंडांचा ट्रेलर घ्यायला काय हरकत आहे? माझे उत्तरही आता ठरून गेले आहे. जाहिरातीतला तो आकडा क्षणभर विसरा, ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडा आणि चौकटीवर चिकटवलेली पिवळ्या-पांढऱ्या रंगाची पट्टी वाचा. गाडीतील माणसे आणि सामान मिळून किती वजनाच्या पुढे कधीही जाऊ नये, हे तिथे तुमच्या, आणि फक्त तुमच्याच, ट्रकसाठी छापलेले असते. त्यालाच पेलोड म्हणतात, आणि अर्धा टन वर्गातील पिकअपमध्ये, म्हणजे एफ-150, सिल्व्हराडो 1500 किंवा रॅम 1500 अशा गाड्यांमध्ये, ओढण्याची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी हा पेलोड संपतो.

याचे कारण असे की ट्रेलर ट्रकच्या मागून नुसता चाकांवर चालत येत नाही. त्याच्या वजनाचा एक हिस्सा हिचच्या, म्हणजे ट्रकला ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याच्या, गोळ्यावर, पर्यायाने ट्रकच्या पाठीवर, उभा दाबला जातो. या दाबाला इथे टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत ते भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावे लागते, आणि ते पूर्णपणे पेलोडमधून वजा होते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा पट्टीवरचा आकडा 1,540 पौंड आहे आणि सामानासह ट्रेलरचे वजन 6,600 पौंड भरते. टंग वेट 13 टक्के धरले तर 858 पौंड झाले. वजन विभागणाऱ्या हिचचे स्वतःचे लोखंड सुमारे 90 पौंड, म्हणजे 948. उरले 592 पौंड. नवरा-बायको मिळून 330 आणि बारा वर्षांचा मुलगा 90 पौंड धरला, तर हातात 172 पौंड राहतात, आणि त्यातच ट्रकच्या हौद्यावरचे झाकण, जनरेटर, सायकली, जळाऊ लाकडे हे सगळे बसवायचे आहे. आता उन्हाळ्यात नाशिकहून आई-बाबा आले आणि मागच्या सीटवर नातवाशेजारी बसले की 280 पौंड वाढले; एकही पिशवी आत ठेवण्याआधीच ट्रक मर्यादेच्या 108 पौंड पुढे गेला. या सगळ्यात ट्रेलर मात्र जाहिरातीतल्या 11,000 पौंडांपेक्षा 4,400 पौंडांनी हलकाच आहे. ओढण्याचा तो आकडा काढताना ट्रकमध्ये प्रत्येकी 150 पौंडांची दोनच माणसे गृहीत धरलेली असतात, ही गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो. आणि आपल्या घरच्या सहलीत दोनच माणसे असण्याचा योग किती वेळा येतो, हे मी सांगायला नको.

एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांच्या पट्ट्यांवर कित्येक शे पौंडांचा फरक असू शकतो. काचेचे छत, चामड्याच्या विजेवर चालणाऱ्या सीट, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, मोठी चाके, या प्रत्येक सोयीचे वजन पेलोडमधून कापले जाते, त्यामुळे दिमाखदार आणि महागडा ट्रक पुष्कळदा साध्या ट्रकपेक्षा कमी भार उचलतो. कारखान्यातून निघाल्यानंतर पायऱ्या किंवा झाकण बसवले असेल तर तेही स्वतःच वजा करायचे असते.

ट्रेलरच्या बाजूनेही असाच फसवा आकडा समोर येतो, तो म्हणजे कोरे वजन. त्यात पाणी नसते, भांडी, अंथरुणे, खुर्च्या, शिधा यांपैकी काहीही नसते, आणि बॅटरीसुद्धा अनेकदा डीलर मागाहून बसवतो. एक गॅलन पाणी 8.3 पौंड भरते, म्हणजे 40 गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंडांपेक्षा जास्त वजन तेवढ्यानेच वाढते. 20 पौंडी प्रोपेनचा भरलेला सिलिंडर रिकाम्या टाकीच्या वजनासह 37 पौंडांच्या आसपास जातो, आणि असे दोन सिलिंडर अगदी पुढे, टंगवरच, म्हणजे हिचला जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या टोकावरच, बसवलेले असतात. प्रेशर कुकर, तवा आणि तांदळाची पिशवी घेतल्याशिवाय न निघणाऱ्या कुटुंबाने कोऱ्या वजनात हजार-दीड हजार पौंड सहज मिळवावेत. मी तर सरळ ट्रेलरच्या पट्टीवरील कमाल अनुमत वजन घेतो आणि त्याचेच 13 टक्के काढतो. माहितीपत्रकातला हिचवरील भाराचा आकडाही कोऱ्या ट्रेलरचाच असतो, म्हणून त्याच्याकडे मी पाहत नाही.

यावर एक युक्ती हमखास सुचवली जाते: सामान ट्रेलरच्या मागच्या भागात ठेवले की टंग वेट कमी होईल आणि पेलोड वाचेल. ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली आहे, त्यांना यातला धोका समजावून सांगावा लागणार नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. ट्रेलरमध्ये ते ताशी 60 मैलांच्या वेगाने घडते. टंगवरचा भार 10 टक्क्यांच्या खाली गेला की मोठा ट्रक शेजारून जाताना किंवा आडवा वारा लागताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागतो, आणि ती हेलकावणी एकदा वाढली की ट्रकलाही आपल्याबरोबर ओढते. पाण्याची टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे, हे म्हणूनच खरेदीपूर्वी वाकून पाहावे, कारण ती भरल्यावर टंग वेट वाढणार की घटणार हे त्यावरच ठरते.

वजन विभागणारी हिच उपयोगी असते यात वाद नाही. तिच्या पोलादी दांड्या ट्रकच्या मागच्या आसावर पडलेल्या भाराचा काही भाग पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या आसांवर ढकलतात, त्यामुळे हलकी झालेली पुढची चाके पुन्हा रस्ता धरतात आणि स्टिअरिंग व ब्रेक ताळ्यावर येतात. परंतु तिच्यामुळे दारावरच्या पट्टीवरचा आकडा वाढत नाही. अशी हिच विकताना काही जण नेमके उलट भासवतात, आणि त्याची मला मनापासून चीड येते.

ओढण्याचे जाहीर आकडे अगदीच निरर्थक आहेत, असे मात्र नाही. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ते ठरवत असे. नंतर अमेरिकेतील अभियंत्यांच्या एसएई या संस्थेचे जे2807 हे मानक आले, टोयोटाने 2011 च्या टंड्रासाठी ते सर्वांआधी स्वीकारले आणि पुढे इतर कंपन्याही त्यावर आल्या. ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळचा 11.4 मैलांचा चढ त्यासाठी प्रमाण मानला आहे: कडक उन्हाळ्याचे तापमान, वातानुकूलन पूर्ण चालू, आणि तरीही अशा पिकअपचा वेग ताशी 40 मैलांच्या खाली येता कामा नये. पण तो चढ जिथे संपतो त्या जागेची उंची साडेतीन हजार फुटांच्या आसपास आहे, आणि आम्ही डेन्व्हरहून पश्चिमेला निघालो की आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे. टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा, नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद गमावते, म्हणजे बोगद्यापाशी पोहोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश ताकद विरळ हवेने काढून घेतलेली असते. टर्बो इंजिनाला हा फटका बराच कमी बसतो, म्हणून कोलोरॅडोत ट्रेलर ओढणाऱ्याला मी टर्बोच सुचवतो.

चढ सावकाश चढता येतो. उताराचे तसे नसते. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे जाणारा उतार 7 टक्क्यांचा आहे, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तिथे बाजूला चढणीचे खास रस्ते बांधलेले आहेत. ते पाहिल्यावर ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर, म्हणजे ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारे उपकरण, ही ऐच्छिक वस्तू वाटत नाही. उतार सुरू होण्यापूर्वीच टो-हॉल मोड, म्हणजे ओझे ओढण्यासाठीची गिअरची खास सोय, लावून खालच्या गिअरमध्ये यावे आणि वेग इंजिनाने धरावा.

कागदावरचा हिशेब झाल्यावर प्रत्यक्ष वजन करणे अवघड नाही. महामार्गालगतच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात, आणि पुढचा आस, मागचा आस व ट्रेलरचे आस यांची वेगवेगळी वजने थोड्या पैशांत मिळतात. एकदा नुसता ट्रक, एकदा दांड्या न लावता जोडलेला ट्रेलर आणि एकदा दांड्या लावून, असे तीनदा वजन करावे. दुसऱ्या वेळच्या ट्रकच्या दोन्ही आसांच्या बेरजेतून पहिल्या वेळची बेरीज वजा केली की खरे टंग वेट हाती येते, आणि तिसऱ्या चिठ्ठीवरून दांड्यांनी पुढच्या आसावर किती भार परत आणला ते दिसते. आसांच्या आणि टायरच्या मर्यादाही तिथेच ताडून पाहाव्यात.

अर्धा टन ट्रक आधीच दारात असेल आणि घरात चार-पाच माणसे असतील, तर कमाल वजन 5,500 पौंडांच्या आत असलेला ट्रेलर शोधावा, असे माझे मत आहे. मोठाच ट्रेलर हवा असेल तर पाऊण टनाचा, म्हणजे एफ-250 किंवा रॅम 2500 अशा त्यावरच्या वर्गातला, ट्रक घ्यावा. मात्र तिथेही आधी दारावरची पट्टी पाहावी. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा शेकडो पौंडांनी जड असते, त्यामुळे तेवढ्याच कमाल वजनाच्या पेट्रोल ट्रकपेक्षा डिझेलचा पेलोड कमी भरतो. आमच्या घरी पाऊण टनाचा पेट्रोल ट्रक आहे, तो याच कारणासाठी.